शेजारच्या सीटचं वजन

कारखान्यात त्यांना सगळे 'सूतभर' म्हणायचे. कुणी जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, करून आणला की तो हातात घ्यायचा, डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि "सूतभर जास्त आहे" म्हणून परत टाकायचा, हे त्यांचं रोजचं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण मध्येच आवरतं घेतलं आणि म्हणाले, "नाहीतर हे म्हणतील, सूतभर लांबलं." सगळा कारखाना हसला. हे मात्र हसले नाहीत, कारण भाषण खरंच लांबलं होतं.

गल्लीत त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू शिवणकाम करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि मागे गॅरेजात काकांचा संसार. निवृत्तीनंतर माणसं बाग लावतात, नाहीतर कट्ट्यावर बसून जगाला शहाणपण शिकवतात. काकांनी गाडी मागवली. तयार गाडी नव्हे, खोक्यांतून सुटी येणारी आणि घरी जोडायची. लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, आणि मोडीत निघालेल्या एका जुन्या गाडीचं इंजिन, एक्सल, हब. दोनच सीट, वरून उघडी. तीन वर्षं काका त्या गाडीखाली झोपले होते. "माझी सवत गॅरेजात राहते," काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आणि तिला तेलाचा वास येतो."

म्हणायला सवत म्हणायच्या, पण तिच्या दोन्ही सीटची कव्हरं काकूंनीच शिवली. जाड तपकिरी कातडं त्यांच्या मशीनला पेलेना, तेव्हा अर्धी शिवण हाताने घातली, बोटांना टोचून घेतलं. उरलेल्या वेळात स्वतःसाठी त्याच रंगाचा एक कोट शिवला. उघड्या गाडीत वारा लागणार, म्हणून.

"एकदा बसून बघू का?" त्या विचारायच्या. "अहो, गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचं असतं. उभ्याने घेतलेलं माप माणूस खाली बसला की उसवतं."

"तू काय गिऱ्हाईक आहेस?" काका गाडीखालून म्हणायचे. "पुरी होऊ दे. मग थाटात बस. तळ्यापर्यंत चक्कर मारून आणतो."

हे तळं म्हणजे गावाबाहेरचं, टेकडीला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी. लग्नानंतर दोघं सायकलवरून तिथे जायचे, काकू पुढच्या दांडीवर. गाडीची पहिली चक्कर तिथेच, हे खोकी आली त्याच दिवशी ठरलं होतं. आणि ती चक्कर अर्धवट, कच्च्या, खडखडणाऱ्या गाडीतून नाही, हे काकांनी आपल्याशी ठरवलं होतं. बायकोला दाखवायची तर सोळा आणे वस्तू दाखवायची. त्यात चूक काय, असं तुम्हीआम्हीही म्हटलं असतं.

गाडीची शेवटची गोष्ट राहिली ती चाकं. मूळ चाकं बारकी होती, बॉडीच्या कमानीखाली पार आत दडल्यासारखी दिसायची. काकांना रुंद, कमानीच्या कडेपर्यंत भरून येणारी चाकं हवी होती. इथे ऑफसेट आला. काकूंनी विचारलं, हे काय असतं, तर काकांनी चाक आडवं पाडून समजावलं. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ आहे समज. हबला, म्हणजे एक्सलच्या टोकाला, टेकून बोल्ट लागतात ती चाकाची बैठक त्या रेघेपासून बाहेरच्या अंगाला किती लांब, तो ऑफसेट. बैठक बाहेर, रस्त्याकडे सरकलेली असली की चाक गाडीच्या आत शिरतं. आत सरकलेली असली की चाक बाहेर डोकावतं.

"म्हणजे उलटंच की," काकू म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, "नाही, नाही, बरोबर आहे. बटण जागेवरच राहतं. काज कडेकडे घेतलं तर कापड मागे सरकतं."

काका बघतच राहिले. त्यांना स्वतःला हे कळायला आठवडा लागला होता, पण ते काही त्यांनी कबूल केलं नाही.

मग मापं. गाडीवर वजन असलं की बॉडी खाली बसते आणि चाक कमानीत वर जातं, हे काकांना ठाऊक होतं. ते कच्चे नव्हते. पण माप घ्यायला स्वतः गाडीखाली जायचं, तर सीटवर कोण बसणार? म्हणून त्यांनी वाळूची पोती भरली, आपल्या वजनाबरहुकूम, वजनकाट्यावर तोलून, आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. मग मागच्या दोन्ही चाकांना सगळीकडून पट्टी लावली, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून पुढची चाकं बघितली, तीन-तीनदा मोजलं. टायर आणि कमान यांच्यात सगळीकडे बोटभर जागा उरत होती. त्या हिशेबाने कमी ऑफसेटची, बाहेर उभी राहणारी चाकं घेतली. बसवल्यावर गाडी अशी रुबाबात उभी राहिली की शेजारपाजारचे बघायला आले.

शेजारच्या सीटवर काकांनी पोतं ठेवलं नव्हतं. विसरले असंही नाही. ती सीट त्यांच्या डोक्यात गाडीचा भाग होती, वजनाचा नव्हती. तीन वर्षं ते गॅरेजात एकटेच होते. एकट्याचीच सवय झाली होती.

त्याच सुमारास काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढलं, मग तपासण्या झाल्या, मग डॉक्टरांनी काकांना एकट्याला आत बोलावलं. पुढचे महिने दवाखान्याच्या बाकड्यांवर गेले. गाडीवर चादर पडली. लेक दुसऱ्या शहरात नर्स होती, ती सुट्ट्या काढून येत होती, जात होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून काही उपयोग नाही, घरी न्या, घरी बरं वाटेल. या वाक्याचा अर्थ काकांना कळला आणि काकूंनाही. एकमेकांना ते बोलले मात्र नाहीत.

घरी आल्यावर एका दुपारी काकू उठून बसल्या. त्या दिवशी दुखणं जरा कमी होतं. म्हणाल्या, "आज बरं वाटतंय. काढा तुमची गाडी."

"रिक्षा बोलावतो. रिक्षाने जाऊ तळ्यावर. तुला धक्के बसणार नाहीत."

"तळं मी शंभर वेळा बघितलंय. मला गाडीत बसायचंय."

तपकिरी कोट त्यांच्या अंगावर लोंबायला लागला होता. त्यांनी स्वतःच मागे दोन पिना मारल्या, आरशात वळून बघितलं आणि "गबाळं दिसतंय" म्हणाल्या. काकांनी त्यांना उचलूनच सीटवर ठेवलं. किती हलकं लागलं ते त्यांनी मनात येऊ दिलं नाही. गाडी गॅरेजातून निघाली, उतार उतरली, गल्लीत आली. काकूंनी कातड्याच्या शिवणीवरून हात फिरवला. केस भुरभुरले. "आवाज केवढा करते हो सवत!" त्या ओरडल्या, आणि हसल्या. तसं हसताना काकांनी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. गाडी त्यावरून उतरली आणि मागून खर्रर्र असा आवाज आला. काकूंच्या बाजूने. पुढे थोडं गेले, पुन्हा खड्डा, पुन्हा खर्रर्र. रबराचा वास आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, वाकून हात घातला. टायर कमानीच्या कडेला लागत होतं. बाहेरच्या अंगाला काळा, गरम पट्टा उमटला होता.

"काय झालं?"

"घासतंय. दोघांच्या वजनाने बॉडी खाली बसतेय. चाक जरा आत हवं होतं."

"घासू दे की. हळू न्या."

"कड धारेसारखी आहे. टायर कापलं गेलं आणि टेकडीच्या वळणावर फुटलं तर?"

"फुटलं तर फुटलं. मी काय शंभर वर्षं जगायला निघालेय?"

"असं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण न्या ना. घासू दे हो."

काकांनी पुन्हा एकदा टायरवरून बोट फिरवलं. आयुष्यभर त्यांनी घासणारी वस्तू पुढे जाऊ दिली नव्हती. आणि आता गाडीत ही बसलेली, काडीसारखी झालेली. पुढे वळणं, उतार. ते म्हणाले, "जास्त ऑफसेटची चाकं मागवतो. आठवड्यात येतील. एकदम नीट करून नेतो तुला."

काकूंनी कोट अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाल्या, "बरं. तुमचं माप नीट होऊ दे."

गाडी मागे वळली. गॅरेजात आल्यावर काकांना एकदम सुचलं, की आता शेजारच्या सीटवर खरं वजन आहे. असं माप पुन्हा मिळायचं नाही. "जरा अशीच बस हं," ते म्हणाले, आणि पट्टी घेऊन गाडीखाली शिरले.

"झालं का?"

"एकच मिनिट. हलू नकोस."

"झालं?"

"हे शेवटचं."

खाली पाठीवर पडून, बॅटरी तोंडात धरून ते मोजत होते आणि मनातून खूशही होते, कारण चूक सापडली होती. चूक सापडली की काकांना नेहमी हलकं वाटायचं. वर काकू गॅरेजाच्या भिंतीकडे तोंड करून, कोट घालून, हालचाल न करता बसल्या होत्या. काका बाहेर आले तेव्हा काकूंच्या ओठांवर घाम होता आणि त्यांनी सीटची कड घट्ट धरली होती. दुखणं कधीच सुरू झालं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

काकू त्या गाडीत बसल्या त्या तेवढ्याच.

चाकं आठवड्यात आली नाहीत. त्या मापाची तयार नव्हती, लांबून मागवावी लागणार होती. काकू रोज विचारायच्या, "आली का हो चाकं?" मग एक दिवसाआड विचारायला लागल्या. मग नुसतं काका बाहेरून आले की त्यांच्या हातांकडे बघायच्या. लेक रजा टाकून आली. तिला काकूंनी सांगितलं, "गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले गं. निदान ट्रायल तरी झाली."

चाकं आली तेव्हा काकू पलंगावरून उठू शकत नव्हत्या. काकांनी एक चाक पुसून, गडगडत, दारातून आत आणलं आणि पलंगाला टेकवून उभं केलं. काकूंनी हात बाहेर काढून त्यावर ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "छान आहे. काज बरोबर पडलंय ना आता?"

"बरोबर पडलंय."

"मग झालं."

चारच दिवसांनी त्या गेल्या.

सगळं आवरल्यावर, माणसं पांगल्यावर काकांनी नवी चाकं बसवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. करायचं राहिलेलं काम होतं, म्हणून केलं. दोन्ही सीटवर पोती ठेवून बघितली. दोन्हीकडे सारखी जागा. इतकं चोख काम त्यांनी कारखान्यातही केलं नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला, असं स्वतःलाच म्हणाले आणि गाडीवर चादर टाकली. गाडी त्यांनी चालवली नाही.

लेक महिन्यातून एकदा येऊन जायची. फ्रीज बघायची, औषधं बघायची, बापाला ओरडायची. काकाही बरे होते, म्हणजे जेवत होते, झोपत होते, चारचौघांत बोलत होते. दुःख होतं, पण त्या दुःखाला टेकायला एक भिंत होती. मी तिला वळणावर मरू दिलं नाही, असं ते स्वतःला सांगायचे. टायर फुटलं असतं. मी नीटच केलं.

ती भिंत पाडली टायरवाल्याने. बिचाऱ्याचा काही दोष नाही. जुनी, घासणारी चाकं गॅरेजात जागा अडवतात म्हणून काका ती विकायला त्याच्याकडे घेऊन गेले. टायरवाला बोलका माणूस. त्याने टायर फिरवून बघितलं, काळ्या पट्ट्यावर अंगठा घासला.

"हे कशाने?"

"कमानीला लागत होतं. दोघं बसलो की."

"एवढंच? मग काढली कशाला? काका, लोक अशी वर्षभर फिरवतात. हळू चालवली असतीत तर त्या तळ्यापर्यंत चार वेळा जाऊन आली असती."

तळ्याचं नाव त्याने सहज घेतलं. गावातलं कुणीही लांब म्हणायचं तर तळंच म्हणायचं. पण काकांनी चाक त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यांनी चाकं विकली नाहीत. परत घरी आणली, भिंतीला लावून ठेवली आणि त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. टायरवाल्याला काय कळतंय, असं एकदा वाटायचं. मग वाटायचं, त्याला नाही कळत तर कुणाला कळतं? आणि मग कानात यायचं, घासू दे हो. न्या ना.

लेक आली तेव्हा बापाचं तोंड बघूनच तिने पिशवी खाली टाकली. "काय झालं?"

काकांनी तिला सगळं सांगितलं. गतिरोधक, काळा पट्टा, काकूंचं 'घासू दे', आपलं 'आठवड्यात येतील'. आणि गाडीखाली शिरून माप घेतलं, तेही.

लेकीने खाली पडलेली पिशवी उचलून स्टुलावर ठेवली. मग म्हणाली, "आईने मला एवढं सांगितलं नव्हतं."

"ती कशाला सांगेल."

"आता काय करायचंय तुम्हाला?"

"जुनी चाकं लावतो. तू शेजारी बस. तळ्यापर्यंत जाऊ."

"आणि फुटलं तर?"

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तर बरंच होईल."

लेक समजली. एरवी ती भांडली असती, दवाखान्यात फुटलेल्या डोक्यांना टाके पडताना तिने काय काय बघितलं होतं. पण ती म्हणाली, "हेल्मेट घालते आणि तुम्ही हळू चालवा." मग जराशाने म्हणाली, "बाबा, आई तेव्हा माझ्यापेक्षा खूप हलकी होती. मी बसले तर जास्तच घासेल."

"माहीत आहे. घासू दे."

सकाळी काकांनी नवी चाकं उतरवली आणि जुनी चढवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बरोबर काम काढून चुकीचं लावलं. लेक हेल्मेट घालून आईच्या सीटवर बसली. कोट तिने कपाटातून काढून मांडीवर घेतला होता, अंगात घातला नव्हता.

गतिरोधकावर खर्रर्र आवाज आला. काकांचा पाय ब्रेककडे गेला आणि परत आला. ते पुढे गेले. गाव संपलं, टेकडीचा रस्ता लागला. प्रत्येक खड्ड्याला टायर ओरडत होतं आणि प्रत्येक ओरडण्याला काका वाट बघत होते. आता फुटेल. या वळणावर फुटेल. रबराचा वास येत होता, तो वाढला की त्यांना आशा वाटायची. शेजारी आपली लेक बसली आहे आणि आपण टायर फुटायची वाट बघतोय, हे कळून त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण वाट बघणं थांबेना. फुटलं की सुटलो. फुटलं की त्या दिवशी मी हिच्या आईला खरंच वाचवलं होतं. वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं आणि गेलं. उतारावर एक मोठा धक्का बसला, लेकीने दार धरलं, मागून लांबलचक खर्रर्र झालं, आणि गाडी चालतच राहिली.

मग तळं आलं. पाण्यावर ऊन होतं. दोन माणसं मासे धरत बसली होती, त्यांनी मान वळवून गाडीकडे बघितलं आणि एकाने हात केला. काकांनी इंजिन बंद केलं.

लग्नानंतर सायकल टेकवायचे ते झाड अजून होतं. काकांनी तिकडे बघितलं नाही. ते उतरले, गाडीला वळसा घालून लेकीच्या बाजूला आले आणि गुडघ्यांवर बसले. कमानीत हात घातला. टायर गरम होतं. त्यांनी डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, मग नखाने दाबून बघितलं, मग चष्मा वर करून डोळा जवळ नेला, जसा जॉबवर न्यायचे. काळा पट्टा जरा रुंद झाला होता, एवढंच. रबर कापलं नव्हतं. आतला धागा दिसत नव्हता. टायरवरची अक्षरंसुद्धा पुरती पुसली नव्हती.

लेकीने हेल्मेट काढलं आणि दारावरून खाली वाकली. "बाबा? फार खराब झालंय का? परत जाता येईल ना?"

काकांनी टायरवर कपाळ टेकलं होतं. तिला त्यांचे फक्त खांदे हलताना दिसले. ती घाईने उतरायला लागली, मांडीवरचा कोट खाली पडला.

"काही झालं नाही गं," ते म्हणाले. "काहीसुद्धा झालं नाही."